मॅग्नेट कधीच बंद नसतो: एमआरआयबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात संपादकांनी "एमआरआयबद्दल काही विचारायचंय का" अशी छोटी चौकट टाकली होती, वाटलं चार-दोन पत्रं येतील, पण ढीगच आला. अर्धी पत्रं टेक्निशियन पोरापोरींची, अर्धी पेशंटची नाहीतर त्यांच्या घरच्यांची. मी पुण्यात एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे "रिपोर्टमध्ये डिस्क बल्ज लिहिलंय, ऑपरेशन लागेल का" असली पत्रं सरळ बाजूला ठेवलीत, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. बाकीच्यातली जमतील तेवढी घेते.

ताई, मी रेडिओग्राफीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक्स-रे आणि सीटीच्या पोस्टिंगला टीएलडी बॅज मिळाला, एमआरआयला पाठवताना मात्र काढून ठेवायला सांगितलं. मग इथलं रेडिएशन कुणी मोजतच नाही का? (विद्यार्थिनी, लातूर)

मोजायला असावं तर लागतं ना. टीएलडी मोजतो ते आयनायझिंग रेडिएशन, ते एक्स-रे आणि सीटीत असतं, एमआरआयमध्ये नसतंच. इथे असतो मोठा चुंबक आणि रेडिओ लहरी. टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप, १.५ टेस्लाच्या मशीनवर या लहरी साधारण ६४ मेगाहर्ट्झच्या आणि ३ टेस्लावर १२८च्या आसपास, आणि आपला एफएम रेडिओ वाजतो ८८ ते १०८मध्ये, म्हणजे आपण त्याच्या अलीकडे-पलीकडेच आहोत.

पण म्हणून ही खोली निर्धास्त, असं डोक्यात घेऊ नकोस. एक्स-रे ट्यूबचं बरं असतं, बटण सोडलं की धोका संपला. एमआरआयचा मॅग्नेट चोवीस तास चालू असतो. आत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं लिक्विड हेलियममध्ये उणे २६९ डिग्रीला ठेवलेलं असतं, त्या थंडीत तारेला रेझिस्टन्स उरत नाही, एकदा सोडलेला करंट वर्षानुवर्षं फिरत राहतो. लाइट गेली, कॉम्प्युटर बंद केला, दिवाळीची सुट्टी आहे, कुलूप लावलंय, तरी आतलं फील्ड तेवढंच. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट. पेशंट नसताना खोलीतून जो एकसारखा चुक-चुक आवाज येतो ना, तो हेलियम थंड ठेवणाऱ्या कोल्ड हेडचा, तो ऐकलास की समजायचं, मॅग्नेट जागा आहे. तुमच्या कॉलेजात फिजिक्सचं काही शिकवो न शिकवो, हे एवढं पहिल्या दिवशी पाठ कर.

मॅडम, मी नवीन लागलोय. फॉर्म भरून घेतो, "शरीरात काही मेटल आहे का" विचारतो, सगळे "नाही" म्हणतात, आणि मग टेबलवर घेतल्यावर काहीतरी निघतंच. अजून काय करायचं? (टेक्निशियन, कोल्हापूर)

तुझा प्रश्नच चुकतोय, पेशंटचं उत्तर नाही. "शरीरात मेटल" म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यासमोर बंदुकीची गोळी येते. ज्याला तीन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय तो "ऑपरेशन झालंय का" यालाही नाहीच म्हणतो, कारण त्याच्या हिशेबाने ते ऑपरेशन नव्हतं, हाताच्या नसेतून फुगा घातला आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. म्हणून वेगवेगळ्या बाजूने विचारायचं. कधी ॲडमिट होतात का? कशासाठी? हार्टचं काही केलंय का, अँजिओ, फुगा, स्टेंट, मशीन? डोक्याचं, कानाचं? पडून हाड मोडलं होतं का, त्यात रॉड किंवा प्लेट? अंगावर कुठे टाके आहेत का, दाखवा. टाके दिसले की मग आपोआप गोष्ट बाहेर येते. मेंदूत पाणी झालं म्हणून शंट (ते पाणी काढून देणारी नळी) बसवलेला असेल तर तो प्रोग्रामेबल आहे का ते बघायचं, कारण त्याचं सेटिंग मॅग्नेटने बदलू शकतं आणि नंतर न्यूरोसर्जनकडून तपासून घ्यावं लागतं. मेंदूतल्या ॲन्युरिझमला, म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिनीला, क्लिप लावली असेल तर तिचे कागद आल्याशिवाय दार उघडायचंच नाही, हल्लीच्या टायटॅनियमच्या क्लिपा चालतात पण जुन्या काहींमध्ये लोखंड असतं आणि ती आत फिरली तर पुढचं सांगायला नको.

आता तू कोल्हापूरचा, म्हणून हे खास. तुझ्याकडे शिरोली, गोकुळ शिरगावकडचे फाउंड्रीवाले आणि लेथवर काम करणारे येत असणार. त्यांना "डोळ्यात कधी कण गेला होता का, डॉक्टरने काढला होता का" हे विचारल्याशिवाय सोडू नकोस. ग्राइंडिंगचा बारीक लोखंडी कण डोळ्यात वर्षानुवर्षं गप बसलेला असतो, मॅग्नेटमध्ये हलला तर आतल्या आत रक्तस्राव होऊन नजर जाते, अशी केस १९८६ साली वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलीय. शंका आली तर आधी डोळ्यांचा एक्स-रे, रेडिओलॉजिस्टने ओके म्हटलं की मग स्कॅन.

मग अंगावरच्या वस्तू. छापील फॉर्ममध्ये घड्याळ, चावी, मोबाइल, एटीएम कार्ड एवढंच असतं, आपल्या लोकांच्या अंगावर काय काय असतं ते फॉर्म बनवणाऱ्याला माहीत नसतं. करदोटा. दंडातला ताईत, ज्यात काय भरलंय ते घालणाऱ्यालाही ठाऊक नसतं. साडेसातीसाठी घातलेली घोड्याच्या नालेची अंगठी, ती तर चक्क लोखंड. मंगळसूत्र सोन्याचं असतं, ते मॅग्नेटला ओढलं जात नाही हे खरं, पण बघ, त्याच्यात हमखास दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. बांगड्यांतही असतात. परकराच्या नाडीजवळ असतात. अंबाड्यात आकडे आणि यू पिना. बंडीच्या आतल्या खिशात चुन्याची डबी, अडकित्ता. म्हणून माझा नियम सरळ आहे, सगळ्यांनी कपडे बदलून गाऊन घालायचा, "फक्त डोक्याचाच आहे ना" वगैरे चालणार नाही. जरीची साडी नको, हल्लीचे ते घामाचा वास न येणारे स्पोर्ट्सचे टी-शर्ट येतात त्यात चांदीचे धागे असू शकतात, तेही नकोत, त्याने भाजल्याच्या केसेस झाल्यात. औषधाच्या चिकटपट्ट्या, निकोटिनच्या वगैरे, काहींच्या मागे ॲल्युमिनियमचा थर असतो. शुगरचा दंडावरचा सेन्सर आला तर त्याच्या कंपनीचं पत्रक वाच, बरेच काढावे लागतात, आणि इन्सुलिन पंप बाहेरच ठेवायचा.

बायकांना पाळी, प्रेग्नन्सी, कॉपर-टीचं सासूसमोर नाहीतर नवऱ्यासमोर विचारलंस तर खरं उत्तर मिळणार नाही. आत बोलवून नर्सला विचारायला लाव. कॉपर-टी तशी चालते, १.५लाही आणि ३लाही, पण माहीत असलेली बरी.

आणि बेशुद्ध पेशंट आला, नातेवाइकांना काही माहीत नाही, तर जुने एक्स-रे, सीटी मागव, छातीवर पेसमेकरचा उंचवटा आहे का हाताने बघ, टाके शोध. "मागच्या वर्षी एमआरआय झालाय, काही झालं नाही" हा दाखला मी मानत नाही, मधल्या वर्षात काय बसवलं ते कुणाला माहीत, शिवाय मशीनही वेगळं असतं.

आईला दोन स्टेंट आहेत आणि गुडघा बदललेला आहे. एका सेंटरने स्कॅनला सरळ नाही म्हटलं, दुसरं म्हणतंय करू. कुणाचं ऐकायचं? (वाचक, सातारा)

दोन्हीपैकी ज्याने कागद मागितले त्याचं. स्टेंट आणि बदललेला गुडघा, दोन्ही बहुतेक वेळा एमआरआयला चालतात. स्टेंट टाकून लगेच दुसऱ्या दिवशीही स्कॅन करता येतो, सहा आठवडे थांबा हे जुनं झालं. गुडघ्यामुळे त्या भागाचे फोटो खराब येतील, पण मणक्याचा किंवा डोक्याचा स्कॅन असेल तर काही फरक पडत नाही.

प्रत्येक इम्प्लांटचं कार्ड असतं, डिस्चार्जच्या वेळी देतात, आपण ते फाइलमध्ये कुठेतरी ठेवतो आणि विसरतो. त्यावर बहुतेकदा एमआर सेफ, एमआर कंडिशनल किंवा एमआर अनसेफ यातलं एक लिहिलेलं असतं. कंडिशनल म्हणजे अटींवर चालेल, किती टेस्लापर्यंत, किती वेळ वगैरे. आईच्या कार्डाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, फार उपयोग होतो.

पेसमेकरचं मात्र असं सहज नाही. हल्ली एमआरआयला चालणारे पेसमेकर मिळतात, पण तरी आधी कार्डिओलॉजीवाल्यांनी तो एमआरआय मोडवर टाकायचा, स्कॅनभर पल्स आणि ईसीजीवर नजर ठेवायची, नंतर पुन्हा पूर्ववत करायचा, एवढं सगळं होणार असेल तरच. "चालतो हो, काही होत नाही" असं काउंटरवरून कुणी सांगितलं तर तिथे करू नका.

रात्रपाळीला मी एकटी असते. आयसीयूचा पेशंट येतो, सोबत वॉर्डबॉय, नातेवाईक, सिलिंडर, स्ट्रेचर. सगळे घाईत असतात आणि माझं कुणी ऐकत नाही. आणि ते लाल बटण नक्की कधी दाबायचं? (टेक्निशियन, नाशिक)

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत नायर हॉस्पिटलला पेशंटसोबत आलेला एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, सिलिंडरसकट ओढला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे असं आपल्याला सांगितलं होतं, हे त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं. त्याआधी २००१ मध्ये न्यूयॉर्कजवळ सहा वर्षांच्या मुलाचा सिलिंडरच उडून आल्याने मृत्यू झाला. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्याच लाँग आयलंडवर गळ्यात व्यायामाची जाड लोखंडी साखळी घातलेला माणूस बायकोला उठवायला आत गेला आणि तोही गेला. अमेरिका असो नाहीतर मुंबई, प्रकार एकच, दार उघडं आणि आत शिरणाऱ्याला कुणी अडवलं नाही.

तू एकटी असलीस तरी दार तुझं आहे, त्याची मालकी कुणाला देऊ नकोस. पेशंट स्कॅन रूमच्या बाहेरच एमआरआयच्या स्वतःच्या ट्रॉलीवर घ्यायचा, आयसीयूची ट्रॉली आणि सिलिंडर बाहेर लांब, आतला ऑक्सिजन भिंतीतल्या पाइपलाइनमधून नाहीतर खात्रीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमधून, आणि तो ॲल्युमिनियमचाच आहे हे लेबल बघून, रंग बघून नाही. वॉर्डबॉयचे, डॉक्टरचे, सिस्टरचेही खिसे रिकामे. कात्री, स्टेथोस्कोप, लॅरिंगोस्कोप, पेन. सिनियर डॉक्टर चिडतात, चिडू देत. मी तर दारात हात आडवा धरते आणि "सर, खिसा" एवढंच म्हणते. रात्री साफसफाईला येणारे लोक सगळ्यात जास्त धोक्यात असतात, बादली, मॉप, फरशी घासायचं मशीन, त्यांना कुणी काही शिकवत नाही. शिकव.

आता लाल बटण. खोलीत आणि कन्सोलजवळ दोन-तीन बटणं असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक टेबल थांबवतं. एक लाइट तोडतं, आग-बिग लागली तर ते, पण त्याने मॅग्नेट बंद होत नाही, परत सांगते, होत नाही. तिसरं क्वेंचचं. ते दाबलं की हेलियम उकळून पाइपमधून बाहेर जातं आणि एक-दोन मिनिटांत फील्ड उतरतं. माणूस मॅग्नेट आणि लोखंडाच्या मध्ये अडकलाय, जिवावर बेतलंय, तर विचार न करता दाबायचं, मॅनेजरला फोन लावत बसायचं नाही. नंतर हेलियम भरणं, मॅग्नेट परत चढवणं यात लाखो रुपये आणि बरेच दिवस जातात, म्हणून नुसती खुर्ची चिकटली, कुणाला काही झालं नाही, तर दाबायचं नाही, इंजिनिअरला बोलवायचं.

आणि पेशंटचं हार्ट बंद पडलं तर क्वेंच नाही. छाती दाबायला सुरुवात करत त्याला टेबलसकट बाहेर काढायचं, दार लावायचं, आणि मगच डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉक द्यायचं मशीन, आणि हार्ट बंद पडल्यावर धावून येणारी कोड टीम. टीम थेट आत घुसते तेव्हाच दुसरा अपघात होतो.

क्वेंचच्या वेळी एक लक्षात ठेव, द्रव हेलियमचा वायू झाला की सातशे पटींहून जास्त फुगतो. पाइप नीट असेल तर छतावरून निघून जातो, नसेल तर खोलीत शिरतो, ऑक्सिजन हाकलतो, दाबाने दार आतल्या बाजूला उघडणारं असेल तर उघडत नाही. म्हणून बाकी सगळ्यांना आधी बाहेर काढायचं. तुमच्याकडचं क्वेंचचं बटण कुठे आहे आणि त्याला कुणी टेप लावून ठेवलेली नाही ना, हे आज ड्युटीला गेलीस की बघ.

आमचे मालक म्हणतात एल-एस स्पाइन, म्हणजे कमरेच्या मणक्यांचा स्कॅन, दहा मिनिटांत झालाच पाहिजे, बाहेर रांग आहे. कुठे कापू? (टेक्निशियन, छत्रपती संभाजीनगर)

सगळीकडे हेच चाललंय. कापता येतं, पण काय कापतोय ते कळलं पाहिजे. वेळेचा हिशेब साधा आहे, टीआर (एका फेरीचा वेळ) गुणिले फेज स्टेप्स (फोटोच्या किती ओळी मोजायच्या) गुणिले नेक्स (प्रत्येक ओळ किती वेळा), भागिले इको ट्रेन (एका फेरीत किती ओळी). टीआर ४ सेकंद, फेज २५६, इको ट्रेन १६, नेक्स २, तर २ मिनिटं ८ सेकंद. नेक्स १ केलास की १ मिनिट ४ सेकंद, पण गोंगाटाच्या मानाने सिग्नल पहिल्याच्या साधारण ७० टक्क्यांवर येतो, अर्धा होत नाही, म्हणून चांगल्या कॉइलवर (अंगाजवळ लावायचा, सिग्नल पकडणारा भाग) हे परवडतं. पॅरलल इमेजिंग (कॉइलचे अनेक भाग एकदम वापरून कमी ओळी मोजणं) असेल तर वापर. नवीन मशीनवर एआयवालं रिकन्स्ट्रक्शन आलंय, त्याने बराच वेळ वाचतो, ते घ्यायला मालकांना सांग, रांग त्यांचीच आहे.

काय कापायचं नाही ते ऐक. स्क्रीनिंग कापायचं नाही. सॅजिटल स्टिर (बाजूने घेतलेले, चरबीचा सिग्नल दाबणारे कट) कापायचा नाही, मणक्यातली सूज, इन्फेक्शन, टीबी तिथे सगळ्यात नीट दिसतो आणि आपल्याकडे पॉट्स स्पाइन, म्हणजे मणक्याचा टीबी, कमी नाही. मणके मोजायला वरपर्यंतचा लोकलायझर, म्हणजे जागा ठरवायचा झटपट फोटो, घे, नाहीतर कमरेचा शेवटचा मणका एल-फाइव्ह कुठला आणि त्याखालचा एस-वन कुठला यात गोंधळ होतो आणि सर्जन चुकीच्या लेव्हलला जाऊ शकतो. ॲक्सियल (आडवे) कट प्रत्येक डिस्कला समांतर लाव. पोटापुढे सॅच्युरेशन बँड (त्या भागाचा सिग्नल दाबणारी पट्टी) लाव, दहा सेकंदांचं काम आहे, नाहीतर श्वासाची हालचाल मणक्यावर पसरते.

खरा वेळ कुठे जातो सांगू? पेशंट हलतो आणि सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचा तो टप्पा, परत करावा लागतो तिथे. पेशंटला नीट झोपव, गुडघ्याखाली उशी दे, "आता चार मिनिटं खडखड येईल, गिळलं तरी चालेल, कंबर हलवू नका" असं प्रत्येक सिक्वेन्सच्या आधी सांग. या बोलण्यात जी दोन मिनिटं जातात ती सहा मिनिटं वाचवतात. मालकांना हे पटत नाही, पण त्यांनी कधी टेबल लावलेलं नसतं.

लकव्याचा पेशंट तळमळत असेल तर क्रम उलटा कर, डिफ्यूजन, म्हणजे ताजा लकवा दाखवणारा सिक्वेन्स, पहिलं. मिनिटाभराचं काम असतं आणि बाकी काही मिळालं नाही तरी डॉक्टरला हवं ते मिळतं.

फोटोवर मधोमध टिपक्या-टिपक्यांची सरळ रेघ येतेय, इंजिनिअर आठवड्यानंतर येणार आहे. (टेक्निशियन, जळगाव)

आधी दार बघ. खोलीभोवती तांब्याचा पिंजरा असतो, बाहेरच्या रेडिओ लहरी आत येऊ नयेत म्हणून, दार पूर्ण लागलं नाही किंवा दाराच्या कडेच्या तांब्याच्या पट्ट्या वाकल्या की बाहेरचं काहीतरी आत शिरतं आणि झिपसारखी रेघ येते. त्या पट्ट्या पुसून घे. मग खोलीतले दिवे, मॉनिटर, पंप एकेक बंद करून बघ. तरी राहिली तर मग इंजिनिअर. तोपर्यंत रेडिओलॉजिस्टना सांगून ठेव, लपवू नकोस.

मला बंद जागेची भीती वाटते. डॉक्टर म्हणतात कराच. झोपेचं इंजेक्शन घ्यायचं का? (वाचक, ठाणे)

आधी इंजेक्शनशिवाय प्रयत्न करा. आदल्या दिवशी सेंटरला फोन करून विचारा बोअर केवढा आहे, जुन्या मशीनचं भोक ६० सेंटिमीटरचं असतं, नवीन बऱ्याच मशीनचं ७०, दहाच सेंटिमीटरचा फरक पण खांदे चिकटत नाहीत, बरं वाटतं. गुडघ्याचा स्कॅन असेल तर पाय आधी आत जातात, डोकं बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला राहतं. आत जायच्या आधी डोळे मिटा आणि बाहेर आल्यावरच उघडा, अर्ध्यात उघडून बघू नका, तिथेच घाबरायला होतं. डोळ्यांवर रुमाल ठेवायला सांगा. हातात रबरी फुगा देतात, दाबला की टेक्निशियन येतो, तो सुरुवातीलाच एकदा दाबून बघा म्हणजे खात्री पटते. नातेवाईक आत बसू शकतो, त्याचीही सगळी तपासणी होईल आणि त्यालाही कानात बोळे घालावे लागतील, आवाज १०० डेसिबलच्या वर जातो.

हे सगळं करून नाही जमलं तर भूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी झोपवून करतात. घरून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेऊन येऊ नका.

पेशंट बाहेर आला की पहिला प्रश्न "काय निघालं हो?" रोज तेच. मला दिसलेलं असतं पण. (टेक्निशियन, अकोला)

दिसलं तरी नाही. आपण बघतो ते कट नीट आलेत का यासाठी, निदान रेडिओलॉजिस्टचं. "फोटो चांगले आलेत, रिपोर्ट डॉक्टर देतील" एवढं म्हणायचं, चेहरा नेहमीसारखा ठेवायचा, हे म्हणणं सोपं आहे मला माहितीय. "काही नाही, नॉर्मल वाटतंय" असं धीर द्यायला पण म्हणायचं नाही, लोक त्या वाक्यावर औषध थांबवतात. पण काही तातडीचं दिसलं, मेंदूत रक्तस्राव, मणक्यात नस पूर्ण दबलीय, तर पेशंटला नाही सांगायचं, पण टेबलवरून उतरवायच्या आधी रेडिओलॉजिस्टला फोन करायचा. आणि गरोदर बाईचा स्कॅन असेल तर मुलगा की मुलगी हे कुणीही विचारो, कितीही गोडीत विचारो, कायद्याने गुन्हा आहे, विषय संपला.

बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं. कॉन्ट्रास्ट एमआरआय सांगितलाय, सेंटर म्हणतं दोन दिवस दूध पाजू नका. (वाचक, सोलापूर)

कॉन्ट्रास्ट म्हणजे फोटोत भाग उठून दिसावेत म्हणून द्यायचं इंजेक्शन, त्यात गॅडोलिनियम असतं. त्यातलं दुधात उतरतं ते ०.०४ टक्क्यांपेक्षाही कमी, आणि त्यातलंही बाळाच्या पोटातून एक टक्क्याहून कमी शोषलं जातं. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीचं म्हणणं दूध थांबवायची गरज नाही असंच आहे. तुम्हाला मनाला बरं वाटत नसेल तर स्कॅननंतर एक दिवस, आधीच काढून ठेवलेलं दूध पाजा, पण सक्ती नाही. डॉक्टरांना हे दाखवून विचारा.

जास्त काळजी किडनीची घ्यायची असते. किडनी खूप खराब असलेल्यांना, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचं माप) ३०च्या खाली, जुन्या लिनियर प्रकारच्या कॉन्ट्रास्टने त्वचा घट्ट होत जाणारा एनएसएफ नावाचा आजार व्हायचा, हा संबंध २००६ मध्ये लक्षात आला. दुसऱ्या, मॅक्रोसायक्लिक प्रकारच्या कॉन्ट्रास्टमध्ये हा धोका अगदी नगण्य आहे. म्हणून तुम्ही क्रिएटिनिनचा रिपोर्ट न्या आणि "मॅक्रोसायक्लिक आहे ना" असं विचारा, टेक्निशियन चमकून बघेल पण उत्तर देईल.

मी स्वतः प्रेग्नंट आहे, तिसरा महिना. ड्युटी बदलून मागू का? (टेक्निशियन, पणजी)

अभिनंदन! एमआरआयवर काम करत राहायला हरकत नाही, पेशंट लावणं, कॉइल बसवणं, इंजेक्शन, सगळं करता येतं, फक्त स्कॅन चालू असताना आत थांबायचं नाही. लहान मूल आहे, कुणीतरी आत बसा, असं झालं तर दुसऱ्याला बसव. खरा त्रास पेशंट उचलण्याचा असतो, त्याला मदतनीस माग, हक्काने माग. सीटी आणि एक्स-रेला फिरवत असतील तर मात्र लगेच लेखी कळव.

स्कॅनमध्ये मांडीला चटका बसल्यासारखं झालं आणि बारीक फोड आला. असं होतं का? (वाचक, नांदेड)

होतं, आणि होऊ नये. उघड्या मांड्या एकमेकींना चिकटल्या, हात एकमेकांत गुंतवून पोटावर ठेवले, किंवा कॉइलची वायर अंगाखालून गेली, की शरीरात रेडिओ लहरींचा करंट फिरायला गोल मिळतो आणि जिथे कातडी कातडीला टेकते तिथे भाजतं. मध्ये पॅड ठेवायचा असतो, मशीनच्या भिंतीलाही अंग टेकू द्यायचं नसतं. सेंटरला लेखी कळवा, फोडाचा फोटो काढून ठेवा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि टेक्निशियन मंडळींनो, पेशंटचं वजन अंदाजाने टाकू नका, त्याच्यावरच मशीन किती एनर्जी सोडायची ते ठरवतं. ६० किलोच्या बाईचं ९० टाकलंत तर तिच्या अंगावर हिशेबापेक्षा जास्त पडतं. काट्यावर उभं करा.

एमआरसीपीच्या, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयच्या, आधी आमच्याकडे अननसाचा ज्यूस प्यायला देतात, पेशंट हसतात. हे खरंच काही करतं का? (टेक्निशियन, रत्नागिरी)

करतं की. अननसात मँगनीज असतं, त्यामुळे पोटातलं आणि ड्युओडेनममधलं (लहान आतड्याच्या सुरुवातीचं) पाणी टी-टूवर, म्हणजे जिथे एरवी पाणी पांढरं दिसतं त्या फोटोत, काळं पडतं आणि मागच्या पित्तनलिका स्वच्छ दिसतात. चार ते सहा तास उपाशी ठेवलेल्या पेशंटला स्कॅनच्या थोडं आधी द्यायचा. पॅकेटवर मात्र बघून घे, काही डब्यांमध्ये अननस कमी आणि साखरपाणी जास्त असतं, त्याने काही काळं होत नाही. शुगरवाल्या पेशंटला देताना आधी विचार. आणि तुमच्याकडे रत्नागिरीत कुणी आमरस चालेल का विचारलं तर नाही म्हण.